कॅप कशाची, ते कार्डावर लिहा

महोदय,

गणपतीला चाकरमानी गावी येतात, कुर्लीची नांगी दातानेच फोडतात, आणि मुंबईत दातावर बसवलेली कॅप हातात येते. दवाखाने बंद म्हणून घरातला झटपट गोंद शोधला जातो. तो कृपया वापरू नये. हिरडी पोळते, कॅप केसभर उंच बसते, चावण्याचा सगळा भार त्याच दातावर येतो. आणि पुढे ती शाबूत काढणे कठीण होते.

कॅप आतून पाहावी. पोकळ असेल तर बहुधा नुसते सिमेंट सुटले आहे. दात किडलेला नसेल तर जुने सिमेंट खरवडून, दात कोरडा ठेवून ग्लास आयोनोमर या दातांच्या सिमेंटने दवाखान्यात ती परत बसते. आत दाताचा तुकडा अडकलेला दिसला, तर मात्र दातच मोडला आहे; तीच कॅप चिकटवून टिकणार नाही.

कॅपवरचे सिरॅमिक, म्हणजे दाताच्या रंगाचा चिनी मातीसारखा थर, उडाले असेल तर काम निराळे. बारीक टवका घासून गुळगुळीत करतात. पुढच्या दातावरचा मोठा टवका तोंडातच भरता येतो: सिरॅमिकला हायड्रोफ्लोरिक आम्ल, ते धुऊन सिलेन आणि बाँड ही चिकटवणारी द्रवे, उघडा पडलेला धातू झाकायला ओपेकर, मग कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, एका वेळी 2 मिलिमीटरपर्यंतच, प्रत्येक थर लाइटने कडक करत. हे आम्ल हिरडी जाळते, त्यामुळे रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, हवाच. झिरकोनिया या पांढऱ्या, कणखर सिरॅमिकच्या कॅपवर तर या आम्लाचा उपयोगच नाही. तिथे ॲल्युमिनाच्या बारीक पुडीचा मारा आणि निराळा प्रायमर (चिकटण्याआधी लावायचे द्रव) लागतो. चुकीची पद्धत वापरली की भरलेला तुकडा लवकर निघतो. दाढेच्या चावण्याच्या बाजूला अशी डागडुजी फार टिकत नाही, तिथे नवी कॅपच बरी.

रूट कॅनल झालेला, म्हणजे नस काढलेला दात दुखत नाही, म्हणून माणसे दिवाळीपर्यंत थांबतात. तोवर शेजारचे दात सरकतात, उघडा दात किडतो, आणि चांगली कॅपही बसेनाशी होते. सुटलेली कॅप झाकणाच्या डबीत ठेवावी. कागदात गुंडाळलेली हमखास कचऱ्यात जाते. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये. ती घशात गेल्यावर ठसका थांबत नसेल किंवा धाप लागली, तर तडक रुग्णालय गाठावे.

दंतवैद्यांना विनंती: कॅप धातू-सिरॅमिकची की झिरकोनियाची, कोणत्या शेडची (रंगछटेची) आणि कधी बसवली, हे रुग्णाच्या कार्डावर लिहून द्या. गावी ती दुरुस्त करणाऱ्या देवगडच्या डॉक्टरांना नेमके तेवढेच कळायला हवे असते.

— एक दंततंत्रज्ञ, कणकवली