बाबा, तो मेसेज पुसू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

‘आज रात्री बारानंतर तुमचं खातं बंद होईल, खालील लिंकवर माहिती भरा.’ बाबा, तुम्ही लिंक उघडलीत, पासवर्ड टाकायच्या आधी थांबलात, आणि तरी दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत. मला लागलं ते हेच. यात लाज कसली? ही माणसं दिवसभर हाच धंदा करतात. समोरचा शिकलेला असो नसो, तो घाबरून घाईला आला की त्यांचं काम झालं. म्हणून तर ‘आज रात्री’.

आता ती लिंक नुसती वाचून बघा, दाबू नका. सुरुवातीला बँकेचं नाव आहे आणि नजर तिथेच थांबते. पण पत्ता मागून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची तिरपी रेघ शोधा. साइट कुणाची ते त्या रेघेच्या अलीकडे कळतं. तिथे ‘खाते-तपासणी डॉट कॉम’ असं काहीतरी आहे. बँकेचं नाव आधी नुसतं चिकटवलंय, आणि तसं कुणालाही चिकटवता येतं. कधी इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवून एम भासवतात. छोट्या स्क्रीनवर मीसुद्धा फसेन.

आई, तू म्हणालीस, कुलपाचं चिन्ह होतं. त्या कुलपामुळे वाटेत कुणाला मजकूर वाचता येत नाही, एवढंच. पलीकडे चोर बसला असला तरी कुलूप दिसतं.

तेव्हा पत्ते पारखत बसूच नका. मेसेजमधून आत जायचं नाही. बँकेचं ॲप स्वतः उघडा, नाहीतर कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करा. आलेल्या फोनवर बँकेचं नाव दिसलं तरी ते खोटं असू शकतं. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आणि ‘मदतीसाठी हे ॲप टाका’ म्हणणाऱ्याच्या हाती तर आपला अख्खा फोन जातो.

अजून एक, याचीच मला जास्त धास्ती आहे. आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. मी रडत पैसे मागते आहे असं वाटलं तरी फोन ठेवा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर लावा. मला मुळीच वाईट वाटणार नाही. आपण घरातल्या घरात एक शब्दही ठरवू. तो लिहून पाठवत नाही, आले की कानात सांगेन.

आणि कधी चुकून माहिती गेलीच, तर आधी बँकेला फोन करून कार्ड आणि व्यवहार थांबवा, मग पासवर्ड बदला. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तिथलाही. मग मला उठवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

रविवारी येते आहे. बाबा, तो मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून बँकेला दाखवू.

तुमची,
धाकटी