ऊन कडक, पंखा बंद : ऊर्जामंत्र्यांना कोकणातून खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

साहेब, छपरावरच्या सौर विजेचा प्रचार करायला माणसं आमच्या दापोली तालुक्यात येतात, तेव्हा त्यांची पहिली दहा मिनिटं पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर जातात. ही दहा मिनिटं वाचवता येतील. हर्णै बंदरातल्या कोळ्याला समुद्राचं आणि बागायतदाराला मोहोराचं काय चाललंय, ते पडद्यावर आलेख दाखवून सांगावं लागत नाही.

शंका घेणारे आमच्याकडेही आहेत. आमच्या वाडीतले अण्णा त्यातले पहिले. 2025 साली मोसमी पाऊस 25 मेलाच देवगडात दाखल झाला, झाडावरचा आंबा झाडावरच राहिला, आणि सगळे हवामानबदल, हवामानबदल करू लागले. अण्णा म्हणाले, "पाऊस कधी पुढे, कधी मागे. एक वर्ष लवकर आला म्हणून काय आभाळ कोसळलं?" एवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. एका वर्षाच्या पावसावरून हवामान बदललं असं कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. पण 2009 चं फयान चक्रीवादळ लोक दहा वर्षं सांगत होते, आणि मग 2019 ला ऐन कापणीत क्यारमुळे भात भिजलं, 2020 च्या 3 जूनला निसर्ग आलं, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते. अरबी समुद्र तापतोय आणि त्या उष्णतेवर वादळं पोसली जातात, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं सांगत आहेत. अण्णा हेही ऐकून घेतात. मग शांतपणे विचारतात, "बरं. मग माझ्या कौलांचा त्याच्याशी काय संबंध?"

हा प्रश्न रास्त आहे. अण्णांच्या घरावर तीन किलोवॅटचा सौर संच बसवला म्हणून अरबी समुद्र थंड होणार नाही. त्यांना पटवायचं तर त्यांच्या घरात काय बदलेल ते सांगायला हवं, आणि खरं सांगायला हवं. इथेच घोडं पेंड खातं.

कारण कोकणी माणसाने मोठ्या प्रकल्पांच्या नावाने पुष्कळ ऐकलंय. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाच्या वेळी शेजारच्याच गुहागर तालुक्यात केवढी स्वप्नं विकली गेली! 2001 मध्ये तो प्रकल्प बंद पडला, कारण ती महागडी वीज राज्यालाच परवडेना. त्यानंतर जैतापूरची अणुवीज, नाणार आणि बारसूची रिफायनरी. त्यात कोण बरोबर, कोण चूक, हा या पत्राचा विषय नाही. पण हातात रंगीत पत्रक घेऊन कोणी दारात आलं, की आमचा माणूस आधी मागे कोण उभं आहे ते बघतो. आणि त्या पत्रकावर काय लिहिलेलं असतं? 'शून्य वीजबिल'. वापर शून्यावर आला तरी बिलात स्थिर आकार राहतोच, हे लावून घेणाऱ्याला पहिलं बिल आल्यावर कळतं. रक्कम किरकोळ असते. पण शून्य म्हणजे शून्य, असा अण्णांचा हिशेब. तिथून पुढे त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वाडीत एका घराने पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचा संच बसवला. अनुदान 78,000 रुपये, ते खात्यात जमाही झालं. बिल उतरलं. सगळे बघायला येऊन गेले. मग मे महिन्यात वळवाचा जोराचा वारा आला, फणसाची फांदी तारेवर पडली आणि वाडीची लाइट गेली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. पॅनेल तापून हात लावू देत नव्हती, आणि पडवीतल्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज घराजोगी करणाऱ्या डब्यावर, एक लाल दिवा लागलेला. आत पंखा बंद, फ्रिजमधली मासळी कोळणीच्या टोपलीतल्या उरलेल्या मालासारखी वास मारू लागलेली, पंप चालत नाही म्हणून सूनबाई विहिरीवर रहाट ओढतेय. अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, "सूर्य डोक्यावर आहे. घर त्याचंच आहे ना?"

साहेब, योजनेविरुद्ध एवढा प्रभावी प्रचार कुठल्याही विरोधकाला जमला नसता.

यात संचाची चूक नव्हती. महावितरणच्या लाइनला जोडलेला साधा संच लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो. तो चालू राहिला तर घरातली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. नियम अगदी योग्य आहे. पण संच विकणाऱ्याने ही गोष्ट त्या कुटुंबाला सांगितली नव्हती, आणि प्रचाराच्या शिबिरातही ती कोणी सांगत नाही. निसर्ग वादळानंतर इथली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. सौर म्हटल्यावर आमच्या मनात पहिला विचार त्या दिवसांचा येतो, बिलाचा नंतर.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. हायब्रिड इन्व्हर्टर आणि सोबत लहानशी बॅटरी असली, की लाइन गेल्यावर घर तारेपासून वेगळं होतं आणि दोन पंखे, दिवे, फ्रिज, मोबाइल चालू राहतात. पण अनुदान मिळतं ते किलोवॅटवर; पहिल्या दोनांना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000. बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या किनारी तालुक्यांत बॅटरीसाठी राज्याने वेगळी रक्कम द्यावी, ही माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी. वादळानंतर खांब उभे करायला होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवून तिचा विचार व्हावा.

बाकीचं थोडक्यात. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्लॅबची गच्ची होती, असं दिसतं. आमची घरं चिऱ्याची, वर वासे, रिपा आणि मंगलोरी कौलं. तिथे पॅनेलचा सांगाडा ठोकला की पहिल्या पावसात घर गळणार. अंगणात किंवा परसात जमिनीवर सांगाडा उभा करावा, तर माडाची सावली चुकवायची आणि लोखंडाचा खर्च वाढतो. स्वस्तात बसवलेल्या सांगाड्याचे नटबोल्ट खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात असे गंजतात, की नखाने पापुद्रे निघतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेची चाचणी झालेली पॅनेल आणि नीट गॅल्व्हनाइज केलेलं लोखंड सक्तीचं करा, आणि वादळी वाऱ्यात सांगाडा टिकेल याची लेखी हमी घ्या.

"पावसात चार महिने काय करणार?" हाही नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर चांगलं आहे, पण ते कोणी देत नाही! नेट मीटरच्या, म्हणजे लाइनकडून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरच्या, युनिटांचा हिशेब 31 मार्चला संपतो आणि नवा सुरू होतो. म्हणजे एप्रिल-मेच्या कडक उन्हातली जादा युनिटं खात्यावर पडून राहतात आणि आषाढ-श्रावणात कामी येतात. जणू कोकणासाठीच केलेला नियम. शिबिरात हे सांगा, लोक कान टवकारतील.

शेवटची अडचण मीटरच्या नावाची. निम्म्या वाडीत मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा जाऊन तीस-चाळीस वर्षं झाली. घर सामाईक, हिस्सेदार डोंबिवली-विरारला. नाव बदलायचं तर दहा-बारा सह्या हव्यात, आणि निम्मे भाऊबंद एकमेकांशी बोलत नाहीत. पण गणपतीला सगळे येतात, न बोलणारेही. महावितरणने त्या आठवड्यात ग्रामपंचायतीत नाव बदलण्याचं आणि सौर अर्जांचं शिबिर लावावं, वारसांच्या सह्या तिथेच घ्याव्यात. तारीख श्रावण लागायच्या आधी कळवा, म्हणजे मुंबईकर कागदपत्रांच्या झेरॉक्स घेऊनच एसटीत बसतील.

आपला,
दापोली तालुक्यातील एक वीजग्राहक