मंत्री महोदय, फाटकावरचा तो चौकोन एकदा स्वतः स्कॅन करा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

परवाच्या सोमवारी आमच्या कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन, म्हणजे तक्रारींची सुनावणी होती. मावशीचे संजय गांधी निराधार योजनेचे 1500 रुपये बंद पडलेत. अर्ज आधीच दिलेला, हजर राहण्याचं पत्र हातात. पण फाटकावर पत्र कोण बघतो? भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, नंबर टाका, ओटीपी टाका, फोटो काढा, मग पास येणार आणि तो पुन्हा स्कॅन होणार.

मावशीचा फोन बटणांचा, म्हणून माझा काढला. पोर्चखाली रेंज नाही, बाहेर उन्हात स्क्रीन दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला ‘डोळे पूर्ण उघडा’ म्हणे! पास आला, तर सिक्युरिटीचं मशीन बंद. तो पोरगा बिचारा स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःचा डेटा घालून स्कॅन करत होता. “काकू, ब्राइटनेस वाढवा.” शेवटी सुतळीनं पेन बांधलेल्या रजिस्टरात नाव लिहून आत सोडलं. तोवर मावशीचा पुकारा होऊन गेला होता. आता पुढच्या महिन्यात या.

‘रांगेविना प्रवेश’ असा फलक मात्र झकास आहे. रांग होतीच, फक्त सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये.

हा कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला निघाला. आम्हीही सुटे भागच, तक्रार नाही. पण तो कोड 30 टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येईल असा बनवता येतो. मावशीच्या आधारवर ‘सुमन’ आणि पासबुकावर ‘सुमनबाई’, एवढ्यावर तुमच्या खात्यांनी तिचे पैसे अडवले!

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिडकी आहे, असं तुम्ही सांगाल. आहे, आणि तिच्यावर कुलूपही आहे. माझ्या अंदाजानं दहातल्या सात म्हाताऱ्यांकडं स्मार्टफोन नसेल. चुकत असेन तर खरा आकडा छापा. 2018 मध्ये शेतकरी धर्मा पाटील मंत्रालयात विष प्यायले, पाठोपाठ एकानं तिथंच वरून उडी मारली, त्यानंतर तिथं जाळ्या लागल्या. आता तिथं आत जायला डिजिप्रवेश हे ॲप आलं. माणूस आत येऊ नये आणि आला तर वरून पडू नये, याची सोय चोख. त्याचं काम कधी होणार, हे सांगणारं ॲप कोणी काढत नाही.

खिडकी उघडा, तिथं माणूस बसवा, सुनावणीचं पत्र हाच पास माना. आणि मावशीची हुकलेली तारीख याच महिन्यात द्या. उत्तर टपालानं पाठवलंत तरी चालेल, साध्या पत्रासाठी पोस्टमन अजून ओटीपी मागत नाही.

कळावे,
सुमनमावशीचा भाचा