आगळाची बाटली कोण तपासणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालू असते. गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून वर्षभराचे कोकमाचे आगळ (खारवलेला आंबट रस) आणले. बाटली पाण्याची, एक लिटरची, वापरलेली. लेबल अर्धे सोललेले, पण 'वापरानंतर बाटली चुरगळून टाका' ही ओळ नेमकी शाबूत. गळू नये म्हणून झाकणाखाली पिशवीचा तुकडा घातलेला. बाटल्या कुठून आणता, असे विकणाऱ्या बाईंना विचारले. भंगारवाल्याकडून, असे सांगून त्यांनी लगेच पुढे जोडले, "बाटली बरी धुवन घेतल्या, मास्तर." त्यांच्या धुण्याबद्दल मला शंका नाही. आगळही उत्तम आहे. घरी आल्याबरोबर ते बरणीत ओतले आणि लेबलाची आज्ञा पाळली.

उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून थोडे खोलात जातो. अन्नाला लागणारे प्लास्टिक आपल्याकडे आयएस 9845 या मानकानुसार तपासतात. प्रयोगशाळेत खरा पदार्थ घेत नाहीत, त्याच्या गुणाचा द्रव घेतात. आंबट पदार्थासाठी 3 टक्के ॲसिटिक आम्ल, मद्यासाठी अल्कोहोल मिसळलेले पाणी, तेलकटासाठी हेप्टेन. ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ प्लास्टिक त्यात ठेवायचे आणि द्रवात काय उतरले ते मोजायचे. एक किलो पदार्थामागे सगळे मिळून 60 मिलिग्रॅमच्या वर उतरता कामा नये. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची असते ते पीईटी बनवताना अँटिमनी या अपायकारक मूलद्रव्याचे संयुग वापरतात, त्याची मर्यादा तर किलोला 0.04 मिलिग्रॅम. हे द्रव वाचले की मला आपले स्वयंपाकघरच आठवते: आगळ, माडाचा व्हिनेगर, उराक (काजूची दारू), खोबरेल. प्लास्टिकची ज्या ज्या प्रकारे परीक्षा घेतात, ते सगळे पेपर गोव्यात एकाच बाटलीला द्यावे लागतात.

फरक इतकाच की ती परीक्षा कोऱ्या बाटलीची असते आणि पाण्यासाठी बनवलेली बाटली पाण्याच्या हिशेबाने पास झालेली असते. तिच्यात आंबट-खारट आगळ वर्षभर ठेवणे किंवा फेणी भरून ती मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकणे हा तिचा अभ्यासक्रमच नव्हे. उष्णता आणि वेळ वाढली की अँटिमनी जास्त उतरते. शिवाय भंगारातल्या बाटलीत आधी काय होते, ते कोण सांगणार? किनारी भागात पर्यटकांच्या दुचाकींसाठी रस्त्याकडेला पेट्रोल याच बाटल्यांतून विकतात. फिनेलही त्यातूनच येते. असले पदार्थ प्लास्टिकच्या आत मुरतात, साबणाने निघत नाहीत.

नियम नाहीत असे नाही. 2018 च्या जुलैत मासळीतल्या फॉर्मेलिन या रसायनावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेपासून मडगावच्या घाऊक बाजारापर्यंत दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अन्नाच्या पॅकेजिंगचे नियम अधिसूचित केले आणि 1 जुलै 2019 पासून ते लागू झाले. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधायला मनाई त्यातच आहे. पाव-भजी अजून कशात बांधून मिळतात ते मी सांगायला नको. (आपलाच कालचा अंक असतो, रागावू नये!) मासळीत काय मिसळले ते आपण विचारायला शिकलो. ती ज्या काळ्या पिशवीतून घरी येते, ती कशापासून बनली हे मात्र विचारत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. पालिकेची माणसे येतात, पिशवीची जाडी बघतात, 120 मायक्रॉनपेक्षा पातळ असली की दंड करतात. तो कचऱ्याचा कायदा. पिशवी जाड आहे म्हणून ती अन्नाला योग्य ठरत नाही. आमच्या फोंड्यातल्या एका हॉटेलात सकाळी उकळती पातळभाजी जाड पिशवीत ओतून गाठ मारून देतात, पिशवी फुग्यासारखी टम्म होते. कचऱ्याच्या नियमात ती बसत असेलही, पण उकळत्या तेलकट रश्श्यासाठी ती बनवली आहे का, हे मालकाला विचारले तर त्याने मलाच विचारले, "मग कशात देऊ?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणून माझी मागणी दंडाची नाही. आगळ, व्हिनेगर, लोणची करणाऱ्या बायका बचत गटातून किंवा एकेकट्या विकतात. त्यांना भंगारातली बाटली एवढ्यासाठीच परवडते की नवी खाद्ययोग्य बाटली किरकोळीत महाग पडते. सरकारने बचत गटांमार्फत अशा बाटल्या घाऊक दराने द्याव्यात, जमल्यास काचेच्या. अन्न आणि औषध प्रशासनाने बाजारातून पदार्थाचा नमुना नेताना तो ज्या बाटलीत, पिशवीत मिळतो तीही न्यावी आणि निकाल आपल्यासारख्या दैनिकांत छापायला द्यावेत. यंदाचे पुरुमेंत तर भरून झाले. चवथीच्या माटोळी बाजाराला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या बाजाराला) अजून तीनेक महिने आहेत, तेवढ्यात सुरुवात होऊ शकते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा