छोटीचा अभ्यास आणि ठिकाणावर वाजणारी आठवण

स्टुटगार्ट, जर्मनी
2 नोव्हेंबर

ति. दादा आणि सौ. वहिनी यांना
सा. न.

वहिनी, तुम्ही परवा फोनवर विचारलं की छोटीच्या फोनमध्ये ते अभ्यासाचं ॲप टाकायचं का, जे पोरगी कुठे आहे ते तुम्हाला कळवतं आणि तिला "अभ्यासाला बस" म्हणून मेसेज पाठवतं. त्या दिवशी आवाज तुटत होता आणि असं उत्तर घाईत द्यावंसं वाटलं नाही, म्हणून लिहिते. ठिकाणावरून आठवण देणारी सोय छोटीच्या कामाची आहे. ती जरूर लावा, आणि आत्ताच लावा, बारावीची परीक्षा फेब्रुवारीवर आली आहे. पण तिच्यावर नजर ठेवणारं ॲप मात्र टाकू नका. का ते पुढे सांगते.

दादा म्हणतो, संध्याकाळी सातचा गजर लावून दिला तरी पोट्टी "बसूनच नाही राहिली". दादा, आपल्याकडे सात वाजता काय चाललेलं असेल हे कोणाला सांगता येतं? घाटंजीहून एस.टी. एखाद्या दिवशी वेळेवर सुटते, एखाद्या दिवशी तास तास पत्ता नसतो. फाट्यावर उतरून घरापर्यंत पायी यायचं. त्यात लाईन गेली तर पुस्तक उघडून उपयोग नाही. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, म्हणजे वहिनी वावरातून येईपर्यंत स्वयंपाक तिच्याकडेच. गजर वाजतो तेव्हा तिचे हात कणकेत असतात. ती मनगटाने तो बंद करते, आणि आठवडाभरात तो आवाज कानावर पडूनही ऐकू येत नाही. मला यात तिचा आळस दिसत नाही. गजर चुकीच्या गोष्टीला बांधला आहे, एवढंच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. मला त्या गावाचं फार कौतुक आहे. पण तिथे सगळं गाव मिळून थांबतं, म्हणून ती वेळ पाळली जाते. आपल्या गावात तसं ठरेल तेव्हा ठरेल. तोवर एकट्या छोटीला घड्याळाचा आधार पुरणार नाही. तिला जागेचा आधार मिळू शकतो. एस.टी. कितीही उशिरा आली तरी छोटी स्टँडवर जाते, फाट्यावर उतरते, रविवारी वावरात येते. वेळ मागेपुढे होते, जागा त्याच राहतात.

ही सोय कशी चालते ते साधं आहे. नकाशावर एका जागेभोवती गोल आखायचा आणि त्याला एक चिठ्ठी जोडायची. फोन त्या गोलात शिरला की चिठ्ठी समोर येते. निघताना यावी असंही लावता येतं. आयफोनच्या रिमाइंडर्समध्ये हे 2011 पासून आहे, सॅमसंगच्या रिमाइंडरमध्येही ठिकाणाचा पर्याय असतो. वेगळं काही विकत घ्यायला नको.

आणि जागा ठरवण्याला खरंच अर्थ आहे. इथल्या पीटर गोलवित्झर आणि वेरोनिका ब्रँडश्टेटर या मानसशास्त्रज्ञांचा 1997 मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायचं होतं. काहींना सांगितलं की कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधीच पक्कं करा. त्यांच्यातल्या 71 टक्क्यांनी ते वेळेत लिहिलं. ज्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या 32 टक्क्यांनीच. पोरं सगळी सारखीच होती, मन सगळ्यांना होतं. फरक पडला तो "तिथे बसलो की हे करायचं" एवढं आधी ठरवल्याने.

आता आपल्या गावाची अडचण. वहिनी, तुम्हाला वाटेल घरात एक गोल, अभ्यासिकेत एक, देवळापाशी एक. तसं होणार नाही. गुगल स्वतःच सांगतं की गोलाची त्रिज्या निदान 100 ते 150 मीटर ठेवा. शहरात फोनला आजूबाजूच्या वायफायवरून जागा कळते. खेड्यात वायफाय नाही, टॉवर लांब, तेव्हा फोनचा अंदाज कित्येकशे मीटरनेही चुकू शकतो. आपलं घर, ग्रामपंचायतीची अभ्यासिका आणि मारुतीचं देऊळ मिळून एकाच गोलात बसतील. छोटी अंगणात भांडी घासत असेल आणि फोन म्हणेल, अभ्यासिकेत आलीस. म्हणून एकमेकींपासून लांबच्या जागाच निवडा.

माझ्या मनात पहिली जागा घाटंजीचं एस.टी. स्टँड. कॉलेज सुटल्यावर तिथे तिचा जो वेळ जातो, तो दिवसातला एकमेव वेळ आहे जेव्हा तिला कोणी काम सांगत नाही. मी तिथे वर्षानुवर्षं बसले आहे, मला ठाऊक आहे. फलाटाच्या टोकाला भिंतीशी टेकून बसलं की लाउडस्पीकरचा आवाज जरा कमी येतो आणि उजेड चांगला असतो. तिथे गणित सोडवणं होत नाही, कारण गाडी लागली की सगळं आवरून पळावं लागतं. पण आठवून लिहिणं होतं. म्हणून चिठ्ठीत "अभ्यास कर" लिहू नका, त्याने कोणी हलत नाही. "आज फिजिक्सच्या तासाला काय झालं ते वही न उघडता पाच ओळींत लिही" असं लिहा. न बघता आठवून लिहिलेलं नुसत्या पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर तपासून दाखवलं आहे. पाच ओळींना दहा मिनिटं लागतात, आणि गाडी मध्येच आली तरी नुकसान नाही.

दुसरी जागा आपलं गाव, एकच मोठा गोल. तिथे चिठ्ठी इतकीच: "जेवण झालं की अभ्यासिका, रसायनशास्त्राची वही सोबत." तिसरी रविवारी वावर, तेही धुऱ्यावर जेवायला बसतात तेवढ्यापुरतं, आणि तिची इच्छा असेल तर. पऱ्हाटीत दिवसभर वाकून वेचल्यावर पोरीला पुस्तक धर म्हणायला माझा जीव होत नाही.

काही गोष्टी लावतानाच बघून घ्या. चिठ्ठी दोन-तीन मिनिटं उशिरा येते, कधी त्याहूनही. धावत्या एस.टी.त तेवढ्या वेळात फाटा मागे पडतो, म्हणून जिथे ती थांबते तीच जागा धरायची. बॅटरी वाचवण्याची सेटिंग त्या ॲपपुरती बंद ठेवा, नाहीतर फोनच त्याला झोपवतो. लोकेशन चालू हवं, आणि डेटा बंद असेल तर आठवण चुकूही शकते.

सगळ्यात महत्त्वाचं, दादा, फोन. आठवण फोनच्या मागे जाते, पोरीच्या नाही. फोन तुझ्या खिशात राहिला तर वावरात तुलाच कळेल की फिजिक्स लिहायचं आहे. परीक्षेपर्यंत तरी कॉलेजला जाताना फोन तिच्याजवळ असू दे. मी दिवाळीला पाठवलेल्या पैशांतून हवं तर तुझ्यासाठी साधा बटणांचा फोन घे.

आता त्या ॲपबद्दल. आपली मुलगी कोणत्या वाटेने येते, स्टँडवर किती वेळ एकटी असते, ही माहिती कोणाच्या कॉम्प्युटरवर साठेल हे आपल्याला माहीत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, आणि काही अपवाद सोडता मुलांचा माग काढायला कंपन्यांना मनाई केली आहे. म्हणजे ही काळजी एकट्या माझ्या मनातली नाही. आणि वहिनी, दुसरंही आहे. ती कुठे आहे हे रोज फोनवर बघायला लागलो की "स्टँडवर एवढा वेळ काय करत होतीस" हा प्रश्न घरात येतो, आणि आपल्याकडे त्या प्रश्नाने किती पोरींचं कॉलेज सुटलं ते आपण दोघींनी पाहिलं आहे. साधी आठवण तिच्या फोनात राहते, तुमच्याकडे काही येत नाही. तशीच राहू द्या. जागा तिने निवडायच्या, चिठ्ठीतले शब्द तिचे, नको झाली तर बंदही तिनेच करायची.

रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते. छोटीला म्हणावं, दोन जागा आणि प्रत्येक जागेचं एक काम कागदावर लिहून ठेव, आपण दोघी मिळून फोनमध्ये लावू. दादा, त्या वेळी तिला दुसरं काही काम सांगू नको. कापूस कोणत्या भावाने गेला तेही तेव्हाच सांग. आईच्या गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची
धाकटी