टँकर रिकामा झाला की लगेच पोहरा नको

महोदय,
दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं नाव गावात कुणाला ठाऊक नसतं. पण २००० साली देश नारूमुक्त (नारू म्हणजे दूषित पाण्यातून होणारा जंताचा रोग) ठरला, त्यामागे याच संस्थेचं काम होतं (तेव्हा नाव वेगळं). मात्र दिल्लीचा साथीचा इशारा गावच्या नोंदीवर उभा असतो. उपकेंद्राच्या नोंदवहीत जुलाबाचे रुग्ण चढवलेच नाहीत, तर साथ कळणार कशी?

आणि साथ मुळात टाळायची, तर पाणी आधी शुद्ध करायला हवं. मराठवाड्यात टँकर विहिरीत सोडतात आणि लगेच पोहरे पडतात. १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून फक्त वरची निवळी ओतायची. चुन्याचा गाळ नाही. मग अर्धा तास पाण्याला हात लावायचा नाही. उघड्या पोत्यातली पावडर दमट होऊन क्लोरीन गमावते, तिचे गोळे होतात. ती कितीही टाका, पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पिवळा रंग येत नाही.

– निवृत्त आरोग्य सहायक, ता. भूम, जि. धाराशिव