जिवंत आहे, पण अंगठा ऐकत नाही

महोदय,
नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी लगबग सुरू होते. परळच्या रेल्वे वर्कशॉपात ३६ वर्षे कानस घासून माझ्या बोटांवरच्या रेषा पार पुसट झाल्यात. बँकेतल्या यंत्रावर अंगठा ठेवला, जुळेना. ओल्या रुमालाने पुसला, केसांवर घासून तेल लावले, मग दहाही बोटे झाली. खिडकीतली मुलगी कळवळून म्हणाली, "काका, उद्या या ना!" (रात्रीत रेषा उगवणार होत्या की काय!)

‘जीवन प्रमाण’ हा हयातीचा सरकारी डिजिटल दाखला २०१४ पासून आहे, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे नातवाने सांगितले. "आजोबा, डोळे मिचकवा. हसू नका हो!" तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "भाजी खारट म्हणून सकाळी केवढे ओरडलात, तेच रेकॉर्ड करून पाठव म्हणावं. आणखी काय पुरावा हवा?"

चौथ्या खेपेला दाखला निघाला. ऐंशी पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणजे आणखी चार वर्षांनी मला महिनाभर आधीच जिवंत होता येईल.

– एक निवृत्त फिटर, डोंबिवली